मुन्शीअप्पांचा जाहीर पाठिंबा

आमच्या गावात कुणाचं वाईट व्हावं असं वाटलं, तर मूठ मारायला मांत्रिकाकडे जावं लागत नसे. मुन्शीअप्पांनी त्या माणसाला पाठिंबा दिला की काम भागे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कळंबहून सकाळी बैलगाडी जुंपली तर दिवेलागणीला पोचता येईल, एवढंच सांगते. त्या वेळच्या तहसीलदारांची नातवंडं आता चांगल्या हुद्द्यांवर असतील आणि मला या वयात कुणाशी वैर नको. राज्य निजामाचं होतं. माझे यजमान तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होते आणि अप्पांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. त्यामुळे गावाला हा माणूस फक्त दिवसा सोसावा लागे, मला आठही प्रहर.

अप्पा अर्जीनवीस होते. तहसीलीसमोरच्या लिंबाखाली त्यांची सतरंजी, पुढ्यात बैठं मेज, त्यावर दौत आणि बोरू. ज्याला सरकारकडे काही मागायचं असेल त्यानं अप्पांपुढे उकिडवं बसायचं, आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचं आणि अप्पांनी ते उर्दूत असं उतरवायचं, की सांगणाऱ्यालाच आपल्या दुःखाची भीती वाटावी. ती जागा आणि लिहिण्याचा तो हक्क सनदेवर होता. सनद दर साली तहसीलदारांच्या सहीनं नवी करून घ्यावी लागे. अप्पा ती एका पितळी नळीत घालून गळ्यात बाळगत. जातीनं लिंगायत, त्यामुळे गळ्यात लिंग होतंच. त्याच्या शेजारी ही नळी. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "आंघोळीला बसताना देव एखांद्या वक्ताला काढून ठेवतील, नळी न्हाय ठेवायचे."

पूजा कानडीत, सरकारी लिहिणं उर्दूत आणि भांडण मराठीत, अशी त्यांची वाटणी होती. सूर मात्र तिन्ही भाषांत एकच, तक्रारीचा.

माफीनामा ही त्यांची खासियत. कुणी बांध कोरलेला असो, सरकारी बाभूळ तोडलेली असो, नाहीतर चपराशाला शिवी दिलेली असो, अप्पांचा माफीनामा दाखल झाला की वाचणाऱ्या कारकुनाला उचंबळून येई. मी एकदा विचारलं होतं, "अप्पा, लोकांना इतकं लाचार करून का लिहिता?"

"त्यो कुठं वाकतोय, मास्तरीणबाई?" ते म्हणाले. "वाकतोय माझा बोरू. त्याची पाठ हाय तशी सरळ घरी जाती. लोकांची पाठ वाचावी म्हणून तर ही सनद हाय."

तोंडी बोलण्याला त्यांच्या हिशेबी कवडीची किंमत नव्हती. घरातसुद्धा सगळं कागदावर. एकदा अक्कांनी लागोपाठ तीन दिवस वांगी केली, तर चौथ्या दिवशी सकाळी चुलीपाशी अर्ज. अक्कांना अक्षरओळख नव्हती. त्या कागद घेऊन माझ्या दाराशी आल्या. मी वाचलं: 'अर्जदार इसम वयस्कर असून त्यास तीन रोज वांगी मिळाली आहेत. तरी मेहेरबान होऊन आज वांगी मिळू नयेत. अर्जदार दुवा देईल.' अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत तोंड करून मोठ्यानं निकाल दिला, "नामंजूर!" आतून नुसतं खाकरणं ऐकू आलं. निकालाविरुद्ध वर कुठं जायचं, याची सोय त्या घरात नव्हती.

पण हे सगळं चालून गेलं असतं. त्यांचा खरा उपद्रव म्हणजे पाठिंबा. दोन शेजारी भांडले, दोन पैलवान भिडले, एखादी सासू-सून पदर खोचून उभी राहिली, की अप्पा एक बाजू धरणार आणि ती लेखी जाहीर करणार. बाभळीच्या काट्यानं लिंबाच्या खोडाला टोचलेला कागद असे: 'मी शुद्धीवर असून, कुणाच्याही दाबाखाली न येता जाहीर करतो की, जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीत माझा पाठिंबा तेल्याच्या थोरल्या मुलास आहे.' आणि तेल्याचा थोरला, लोक मांडी घालून नीट बसायच्या आत, चीत. ज्या बैलजोडीला पाठिंबा, तिचा बैल लंगडे. ज्या सुनेला पाठिंबा, ती पंधरा दिवसांत माहेरी. कारण साधं होतं, मला ते पहिल्याच वर्षी कळलं. अप्पांना जिंकणारा माणूस आवडतच नसे. जो पडणार असं सगळ्या गावाला दिसतंय, तोच यांना पसंत पडे. गाव मात्र म्हणे, हाताला गुण आहे.

लोक नारळ घेऊन येत, हात जोडत. "अप्पा, तुमचा लई उपकार, पर तेवढा पाठिंबा माघारी घ्या."

"पाठिंबा म्हंजी काय वाळत घातलेलं धोतार हाय व्हय, आभाळ आलं की काढून घ्यायला?" असं म्हणून ते नारळ तेवढा ठेवून घेत.

मी बार्शीची. बार्शी म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मधे निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा. माझा भाऊ तिथल्या गिरणीत कारकून होता आणि महिन्या-दोन महिन्यांनी गूळ, खारीक, चिंच असं काहीबाही पाठवत असे. आमच्याकडे बार्शी-सोलापूरची वर्तमानपत्रं आणायला बंदी होती, पण चिंचेला कागद गुंडाळायला बंदी नव्हती. नाक्यावरचे लोक गूळ तपासत, कागद कुणी वाचत नसे. अप्पांना या गोष्टीचा सुगावा लागला आणि माझं माहेरचं सामान माझं राहिलं नाही. पुडा सुटला की माजघराच्या दाराशी येऊन बसत. डोळ्यांत मोती उतरायला लागला होता, बारीक छापील अक्षर दिसेना, म्हणून वाचायचं मी. बातम्या कशाही क्रमानं येत. खारकेतला लढाईचा शेवट आधी आला आणि चिंचेतली त्याच लढाईची सुरुवात महिन्यानं. अप्पांचं त्यानं काही अडत नसे. "कचेरीतल्या मिसलीतबी पानं उलटीसुलटीच लागत्यात," ते म्हणत.

जर्मनीशी युद्ध संपलं त्या साली, मृगानंतर आलेल्या गुळाच्या ढेपेभोवती अख्खं पान होतं. विलायतेत निवडणूक लागली होती. एकीकडे लढाई जिंकलेला चिरूटवाला म्हातारा, दुसरीकडे मजुरांचा पक्ष. त्याच पानावर कोण कुणाच्या बाजूचा याची यादी होती. अमुक लेखकानं मजुरांना पाठिंबा जाहीर केला आहे, तमुक नटीनं म्हाताऱ्याला. एक पाद्री, एक निवृत्त दर्यासारंग, एक चेंडू खेळणारा. वर्तमानपत्रंसुद्धा आपापली बाजू उघड सांगत होती. मी वाचत होते आणि अप्पांचा चेहरा उजळत चालला होता.

"पुन्ना वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी ही मंडळी सोता उभी न्हाईत?"

"नाहीत."

"नुस्ता पाठिंबा देत्यात? आन् त्यो छापत्यात?"

"हो."

त्यांनी आत वळून हाक मारली, "ऐकलं का ओ? विलायतेत हे काम इज्जतीनं चालतंय! अन् हितं मला येडा म्हणत्यात."

अक्का आतून म्हणाल्या, "तिथल्यांनी अजून तुमास्नी पाहिलं न्हाय."

पानाच्या कोपऱ्यात, गुळाच्या डागाशेजारी, एका बाईची हकिगत होती. कुठल्याशा गावात कापडाच्या गिरणीत लहानपणापासून राबलेली बाई. मजुरांनी तिला उभं केलं होतं, तेही तिथल्या जुन्या सरदाराविरुद्ध, ज्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या निवडून येत होतं. बाई सायकलीवरून घरोघर फिरत होती. सरदारही फिरत होता; चांभाराच्या दाराशी टोपी काढून 'मला मत द्या' म्हणत होता. बाईचं नाव माझ्या जिभेला वळेना, अप्पांच्या तर मुळीच नाही. ती आमच्यात 'गिरणीवाली' झाली. तिचं काही खरं नाही, असं बातमीदारानं शेवटी लिहिलं होतं. ते वाचलं आणि मी चूक केली असं लगेच माझ्या ध्यानात आलं. अप्पा उठून दौत शोधायला गेले होते.

कोरा स्टांप आला. साक्षीदार पाहिजेत दोन, आणि तेही बायकाच. "बाईचं काम हाय, पुरुषाची साक्ष कोण इचारतं?" असा त्यांचा कायदा. पहिला अंगठा अक्कांचा.

"कशावर लावायचा?" अक्कांनी विचारलं.

"एका बाईला पाठिंबा द्यायचाय. सरदाराच्या इरुद्ध उभी हाय."

"तिला आदी कळवा," अंगठ्याला शाई लावून घेत अक्का म्हणाल्या, "म्हणावं, पळ बाई."

दुसरी साक्ष माझी. मी म्हटलं, 'मास्तरीण' असं लिहू का? अप्पा भडकले. "मास्तरीण ही हाक हाय. नाव लिवा. कायद्यातलं, पुरं, बापाच्या नावासकट." लग्न झाल्यापासून ते नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं. घरात मी 'अगं', आळीत 'मास्तरीणबाई', सासरच्या पत्रात 'चि. सौ.' आणि पुढे सरळ मजकूर. बोरू जरा जास्तच दाबला गेला आणि सहीच्या शेवटी शाईचा हा एवढा मोठा डाग पडला. अप्पा म्हणाले, डाग असू द्या, खोटी सही करणारा डाग पाडत नसतो.

मजकूर मला अजून पाठ आहे. 'मला तिथे मत देता येत नाही. इथे तर कुणालाच देता येत नाही. म्हणून पाठिंबा देत आहे. तो देण्यास सरकारची परवानगी लागते, असे कुठे लिहिलेले अर्जदारास आढळले नाही.'

अस्सल कागद अप्पा जन्मात हातचा सोडत नसत. त्यांनी दोन नकला केल्या आणि खाली आपली मोहोर उठवली. एक माझ्या भावाकडे बार्शीला गेली; त्यानं हौसेनं दोन ओळी इंग्रजीत जोडून, बाईचं नाव-गाव घालून ती विलायतेला टाकली. दुसरी लिंबाच्या खोडावर. नकलांवर साक्षीदारांची नावं नव्हती, नुसतं 'साक्षीदार दोन, सह्या अस्सलीवर' असं होतं.

आणि मग पुढचा पुडा आला, तिळाचा. त्यात कळलं की मतदान होऊन गेलेलं आहे. अप्पांनी कागद टोचला त्याच्या आधीच आठवड्यावर दिवस उलटले होते. मी हसत हसत सांगितलं. अप्पा हसले नाहीत.

"पेट्या उघडल्या का?"

मी बघितलं. पेट्या उघडल्या नव्हत्या. परमुलखातल्या शिपायांची मतं यायची होती म्हणून तीन आठवडे सीलबंद ठेवल्या होत्या.

"मग दावा चालू हाय," अप्पा म्हणाले आणि निवांतपणे पान लावायला बसले.

गावाला लिंबाखाली नवीन करमणूक मिळाली. तारखेला आलेले शेतकरी सावलीत बसल्या बसल्या विचारत. त्यातलं एक बोलणं मी बाजारातून येताना स्वतः ऐकलं.

"म्हंजी सरदार सोताहून दारात येतो?"

"येतो. टोपी काढतो."

"आन् न्हाय म्हणलं तर?"

"तर जातो."

"मारत न्हाय?"

"न्हाय."

तो शेतकरी बराच वेळ तंबाखू चोळत राहिला. मग म्हणाला, "खोटं हाय." आणि उठून गेला. पण दुसऱ्या तारखेला तोच भावकीतल्या चौघांना घेऊन आला आणि म्हणाला, "अप्पा, त्ये टोपीचं पुन्ना सांगा."

तहसीलदार तोवर हसतच होते. विलायतेच्या बाईला पाठिंबा देणारा म्हातारा, याला कोण काय करणार? पावसाळा सरता सरता मिरच्यांच्या पुड्यात निकाल आला. मजुरांचा पक्ष सगळीकडे जिंकला होता, चिरूटवाला घरी बसला होता. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा जिंकणाऱ्याला पाठिंबा दिला असं म्हणून गावानं त्यांना अत्तर लावलं. अप्पा त्या दिवशी कसनुसे दिसत होते. आपला हात बिघडला की काय, अशी त्यांना काळजी पडली असावी.

ती काळजी थंडीत मिटली. टपालात एक लांबट परदेशी लखोटा आला, वर राजाचं डोकं. टपालबाबूनं तो अप्पांना न देता थेट तहसीलदारांच्या मेजावर ठेवला. पुढचं सगळं चपराशानं अक्कांना सांगितलं आणि अक्कांनी मला. तहसीलदारांना इंग्रजी येत होतं. त्यांनी अप्पांना बोलावून पत्र वाचून दाखवलं. गिरणीवालीनं आभार मानले होते. इंग्रजीतल्या दोन ओळी सोडल्या तर कागदातलं एक अक्षर कळलं नाही, पण मोहोर फार सुंदर आहे, म्हणून कचेरीत चौकट करून लावला आहे, असं लिहिलं होतं. आणि सगळीकडे आपला पक्ष जिंकला तरी मी मात्र पडले, असंही.

"पडली?" अप्पांनी विचारलं.

"गिर गई," तहसीलदार म्हणाले.

"मग बरोबर हाय."

पण तहसीलदार आता हसत नव्हते. परदेशी पत्राची बातमी वर हैदराबादेला जाणार. माझ्या तहसीलीसमोर बसून कोण रयतेला मतं आणि निवडणुका शिकवतो, असं कुणी विचारलं तर? आणि हे दोन साक्षीदार कोण? म्हणजे हा एकटा नाही, टोळी आहे! माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. तो म्हणाला, "मुन्शी, तुम तो माफीनामों के बादशाह हो. एक अपना भी लिख दो. साथ में अस्सल जोड दो. नहीं तो सनद जाएगी."

त्या दिवशी मास्तर शाळेतून आले ते याच बातमीसकट. "साक्षीदारांचा शोध चाललाय," ते म्हणाले. "कोण मूर्ख सह्या करून बसलेत देव जाणे. नोकरीतला कुणी निघाला तर दुसऱ्या दिवशी घरी." मी ताटात भाकरी वाढली.

ते जेवून बाहेर गेल्यावर मी अप्पांकडे गेले. ते नळी हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, तो कागद जाळून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरांना ठावं हाय?"

"नाही."

"बरं."

एवढंच. शेंगा फोडत बसलेल्या अक्का वर न बघता म्हणाल्या, "कागदांच्या त्या लाकडी पेटीला उधई लागलीया, समदं पोखरलंया, म्या कवापासून म्हणतिया."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी लेखी जबाब दाखल केला. तीन कलमं. 'एक, अस्सल कागद उधईने खाल्ला. दोन, साक्षीदार कोण होते ते अर्जदारास आठवत नाही. तीन, माफीनामा कसा लिहितात ते अर्जदारास येत नाही.' तिसरं कलम वाचून म्हणे सगळी कचेरी माना खाली घालून हसली. पाठिंबा तरी काढून घेतो असं लिही, बाई पडलीच आहे, आता तुझं काय जातं, असं तहसीलदारांनी शेवटचं विचारलं. अप्पा म्हणाले, "जितलेल्याचा काढला तर चालतंय, साहेब, त्याला पत्ताबी लागत न्हाय. पडलेल्याचा कसा काढू?"

सनद गेली. त्याच दुपारी सतरंजी आणि मेज डोक्यावर घेऊन अप्पा घरी आले. कागद काढून घेतलेली रिकामी नळी गळ्यात तशीच लोंबत होती.

मग ते म्हैस राखायला लागले. हे मी थट्टेनं लिहीत नाही. घरात दुसरी मिळकत उरली नव्हती आणि अक्कांची म्हैस होती. तहसीलीकडे पाठ करून ओट्यावर बसत. जुनी माणसं संध्याकाळी येऊन विचारत, अप्पा, असं असं झालंय, काय लिहू? ते म्हणत, "सनद न्हाय," आणि म्हशीची गोचीड काढत. त्यानंतर त्यांनी बोरू हातात धरला नाही. अक्कांनी हट्टानं आठवडाभर वांगी केली. चुलीपाशी अर्ज आला नाही. सातव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "नुस्तं एक चिटोरं लिवलं असतं, तर म्या मंजूर केलं असतं गं."

मी मात्र त्यांना टाळत होते. माहेरचा पुडा आला की दार लावून सोडायचे. मला त्यांचा राग येई. भलत्या बाईसाठी घर उघड्यावर आणलं, असं मी मनाशी म्हणे. खरं तर मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते, हे माझ्या घरच्यांना चांगलं ठाऊक आहे. कागद जाळला का, हे मी कधी विचारलं नाही. माझी सही उधईनं खाल्ली असेल नाहीतर चुलीनं, बरंच झालं, असं मला वाटत होतं. आभार मानायचे तर कशाबद्दल ते बोलावं लागलं असतं, म्हणून तेही राहिले.

पुढची वाईट वर्षं इतरांनी पुष्कळ लिहिली आहेत. ती गेली, निजामाचं राज्यही गेलं. तहसीलदार बदलून गेले. अप्पांची नजर पार गेली. आणि एका सकाळी पटवारी वही घेऊन आमच्या आळीत आला. आता इथंही मतं द्यायची होती, त्यासाठी नावं लिहायची होती. बायांची नावं सांगायला कुणी तयार होईना. 'गंगीची आई', 'पाटलाची धाकली सून' असं त्याच्या वहीत भरत चाललं होतं.

आमच्या दाराशी येऊन त्यानं मास्तरांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "घरातून?"

मास्तर बाजेवर बसले होते. म्हणाले, "लिहा, मास्तरांचे कुटुंब."

मी दारात उभी होते, हात पिठाचे. मला बोलायचं होतं. चौथी शिकलेली बाई मी, पण नवऱ्यादेखत परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला जीभ उचलेना.

ओट्यावरून खाकरणं आलं. "पटवारी, त्या नावाची बाई ह्या घरात न्हाय."

"मग काय लिहू, अप्पा?"

अप्पांनी गळ्यातली नळी चाचपली आणि टोपण फिरवलं. सनद गेल्याच्या दुःखानं हा माणूस रिकामी नळी घालून फिरतो, असं सगळं गाव इतकी वर्षं समजत होतं. आतून कागद निघाला. पिवळा पडलेला, पण कोपरासुद्धा उधईनं खाल्लेला नव्हता.

"साक्षीदार लंबर दोन," अप्पा म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

पटवाऱ्यानं वाचलं. माझं नाव, वडिलांचं, आडनावासकट. त्या आळीत ते नाव पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं गेलं. शेजारणी दारांत आल्या. मास्तर उठले, कागद हातात घेतला, सहीच्या शेवटचा डाग बघितला, मग माझ्याकडे बघितलं. सनद कशापायी गेली आणि आपली नोकरी कशामुळे राहिली, हे त्यांच्या तोंडावर एक एक करून उतरलेलं मला दिसलं. अप्पांना ते दिसत नव्हतं, हे बरं झालं.

"ही सही तुझी?" त्यांनी विचारलं.

"माझीच."

मास्तरांनी कागद घडी करून अप्पांच्या हातात परत दिला. मग पटवाऱ्याला म्हणाले, "तेच लिहा."

मी ओट्यापाशी गेले. इतक्या वर्षांचं काहीतरी बोलावं म्हणून गेले आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "अप्पा, मी जाळायला सांगितलं होतं."

"तोंडी सांगितलं व्हतं," अप्पा म्हणाले. "लेखी कुठं दिलं?" आणि पटवाऱ्याच्या दिशेनं तोंड वळवून म्हणाले, "आन् नावाच्या पुढं लिवा, ह्या बाईला माझा जाहीर पाठिंबा हाय."

"अप्पा, वहीत तसला रकाना नाही."

"मग तोंडी घ्या."

तोंडी! आतून अक्का धावत बाहेर आल्या. "अगं पोरी, बघती काय? नको म्हण! माघारी घ्यायला लाव!"

आळी खो खो हसली. आजवर गावात ज्याला ज्याला तो पाठिंबा मिळाला, त्यानं हात जोडून, नारळ देऊन तो परत करू पाहिला होता. मी पिठाच्या हातांनी तिथंच खाली वाकून अप्पांच्या पायांना हात लावला आणि पाठिंबा ठेवून घेतला.

पुढे मी पंचायतीच्या निवडणुकीला दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा पडले. अप्पा असते तर म्हणाले असते, मग बरोबर हाय.